क्रूझवर दारूचं पॅकेज घ्यावं का?

दारूचं पॅकेज म्हणजे रोजचा ठरावीक दर आधीच भरून ड्रिंक घेत राहायचे. बुकिंगआधी बार मेनूचे दर मागवा. पॅकेजचा रोजचा दर तुमच्या नेहमीच्या ड्रिंकच्या किमतीने भागा. समजा पॅकेज ७० डॉलर आणि कॉकटेल १२, तर रोज सहा ग्लास झाले तरच पैसे वसूल. बिअर ८ ची असेल तर नऊ! सर्व्हिस चार्ज, बहुधा १८ टक्के, पॅकेजवर आणि सुट्या ड्रिंकवर, दोन्हीकडे लागतो का तेही पाहा.

खरी मेख पुढे आहे. बऱ्याच परदेशी कंपन्या पॅकेज पूर्ण सफरीचं देतात, शिवाय एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यायला लावतात. नवरा पितो, बायको फक्त लिंबूसोडा घेते, तर दोघांचे पैसे वसूल करायला त्याला रोज जवळपास बारा ग्लास रिचवावे लागतील. असं पॅकेज सरळ सोडा. बंदरात उतरून फिरायचे दिवसही वजा धरा. समुद्रातले दिवस जास्त असतील तरच विचार करा.

मुंबईहून निघणाऱ्या छोट्या सफरीत पहिली संध्याकाळ बॅलार्ड पियरवरच्या चेक-इनमध्येच जाते. दोन रात्रींसाठी सुटे पेग बरे. आणि महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वयाची अट २५ आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.