राज्यवर्षावरून इसवी सन कसा काढावा

जुन्या इंग्रजी कागदांवर सनाऐवजी राजाचे राज्यवर्ष, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते, असते. राज्यारोहणाच्या सनात राज्यवर्ष मिळवा, एक वजा करा. त्या सनातल्या राज्यारोहणाच्या तारखेला ते वर्ष सुरू होते. पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ ला गादीवर आली. तिचे ४३वे वर्ष म्हणजे १७ नोव्हेंबर १६०० ते १६ नोव्हेंबर १६०१. ईस्ट इंडिया कंपनीची सनद, ३१ डिसेंबर १६००, याच वर्षातली.

खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कारकिर्दींच्या तक्त्याशी ही तारीख जुळवताना घोळ होतो, कारण इंग्लंडचे जुने पंचांग तेव्हा नव्या ग्रेगोरियन पंचांगाच्या १० दिवस मागे होते. नव्या गणनेने सनद १० जानेवारी १६०१ ची ठरते. म्हणजे फारुकींचा किल्ला असीरगड अकबराकडे गेला तोच महिना! शिवाय १७५२ पूर्वी तिथे साल २५ मार्चला बदले. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना दोन्ही सने लिहा: १६००/०१.

दुसऱ्या चार्ल्सपाशी हमखास चूक होते. तो परागंदा होता, १६६० मध्ये परतला, पण मोजणी बाप मारला गेला त्या ३० जानेवारी १६४९ पासून. मे १६६० हे त्याचे १२वे वर्ष. इंग्लंडच्या जॉन राजाला मात्र हे सूत्र लावूच नका. त्याची वर्षे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून मोजत, आणि तो सण दरवर्षी हलतो.