कॉडचं पाकीट घेताना काय बघायचं, आणि बाजारात काय विचारायचं

पुण्यात आता सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये, अ‍ॅपवर पण कॉड या थंड समुद्रातल्या माशाचे फिले (बिनकाट्याचे तुकडे) दिसतात, आणि वर "वाइल्ड कॉट" (wild caught) लिहिलं असलं की आपण डोळे झाकून घेतो. वाइल्ड म्हणजे फक्त समुद्रातून पकडलेला, मागे किती उरलाय ते त्यातून कळत नाही. म्हणून पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा.

आधी नाव. गेडस मोऱ्हुआ म्हणजे अटलांटिक कॉड, गेडस मॅक्रोसेफॅलस म्हणजे पॅसिफिक. ब्लॅक कॉड हा कॉड नाहीच, तो सेबलफिश.

मग समुद्र, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, तिने समुद्राचे भाग पाडलेत, त्याचा एफएओ एरिया म्हणून नंबर असतो. २१ म्हणजे कॅनडाची बाजू. तिथे न्यूफाउंडलंडजवळ १९६८ मध्ये एका वर्षात ८ लाख टनांच्या वर कॉड काढला, मोठमोठे ट्रॉलर (जाळं ओढणारी जहाजं) दिवसरात्र जाळी ओढत होते, आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली बंदी २०२४ पर्यंत चालली, हजारो कुटुंबांचं पोट गेलं. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, पण नुसतं २७ पुरत नाही. २७.१ बॅरेंट्स समुद्र, २७.४ नॉर्थ सी, दोन्हीकडची परिस्थिती वेगळी. नॉर्थ सीच्या कॉडला २०१७ ला एमएससीचं, म्हणजे साठा टिकवून मासेमारी होते असं प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं, निळं लेबल मिळालं आणि २०१९ ला साठा घसरला म्हणून काढून घेतलं. म्हणजे लेबल बघाच, पण कुठल्या समुद्राचं ते सुद्धा बघा.

तिसरं, कशाने पकडला. बॉटम ट्रॉल हे ओढायचं जाळं समुद्राचा तळ घासत जातं, कोरल, स्पंज मोडतात, नको ते मासे पण आत येतात. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे प्राणी) अडकतात, आणि हरवलेलं जाळं पाण्यात मासे मारतच राहतं. लाँगलाइन, म्हणजे खूप गळ लावलेली लांब दोरी, तळाला बरी, पण गळाला समुद्रपक्षी लागतात, त्यामुळे कुठलीच पद्धत एकदम निर्दोष नाही. समुद्र आणि पद्धत दोन्ही लिहिलेलं नसेल तर मी पाकीट परत ठेवते, एवढे पैसे देऊन एवढं तरी कळायला हवं.

हेच प्रश्न गणेश पेठेत किंवा कॅम्पात शिवाजी मार्केटला पण विचारा. "मावशी, ही सुरमई गळाची का जाळ्याची?" एवढं विचारलं तरी बऱ्याच जणी नीट सांगतात, बंदर पण सांगतात. पर्ससीन, म्हणजे थव्याला घेरणारं मोठं जाळं, तळाला लागत नाही पण अख्खा थवा उचलते. आणि तळहाताएवढी पापलेटं स्वस्त दिसली तरी घेऊ नका, ती अजून एकदाही अंडी न घातलेली असतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवलाय, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा "आजचाच ताजा" म्हटलं तर कुठून आला ते विचारा. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडचा असू शकतो, नाहीतर कोल्ड स्टोरेजचा.

आणि कॉडसारखा पांढरा, कमी काट्याचा मासाच हवा असेल तर रायगडकडचा तळ्यात वाढवलेला जिताडा मागा, फिले करून देतात, बॅटरमध्ये तळला तरी तुटत नाही.