सूत्रातला कंस आणि माझे ४३ ऑक्सिजन

अॅल्युमिनिअम सल्फेटच्या सूत्रात मी एकदा ऑक्सिजनचे ४३ अणू लिहिले होते. सल्फेट म्हणजे एस, मग ओ, ओच्या पायाशी ४. मला सल्फेट तीन हवे होते, म्हणून त्या ४ ला लागूनच मी ३ लिहिला. झाले ४३! तपासणाऱ्याने त्याला लाल गोल करून बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मला आधी काही कळेचना. संयुजा (म्हणजे जोडणीची ताकद सांगणारे आकडे) पाठ होत्या, तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहायची ती रीत) बरोबर होता, मग गुण गेले कुठे?

आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट; त्यांचे प्रभार तुम्हाला येतात असं धरून चालते. येत नसतील तर सरळ पाठ करा, त्याला पर्याय नाही. नायट्रेट आणि हायड्रॉक्साइड -१, सल्फेट आणि कार्बोनेट -२, फॉस्फेट -३, अमोनिअम +१. एवढं तरी झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

आता कंस. सल्फेट हा गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून झालेला एकच आयन. आतला ४ हा त्याचा घरचा मामला, त्याला आपण हात लावायचा नाही. -२ हा प्रभार अख्ख्या गटाचा आहे, एकट्या ऑक्सिजनचा नाही. अॅल्युमिनिअमवर +३. ३ आणि २ चा लसावि ६. म्हणजे दोन अॅल्युमिनिअमचे +६, तीन सल्फेटचे -६, बेरीज शून्य. हे 'तीन' पूर्ण सल्फेटला लागतात, म्हणून सल्फेट कंसात आणि ३ कंसाबाहेर, खाली.

चूक कळल्यावर मी आणखी शहाणपणा केला. कंस टाळायला आतच गुणाकार केला: एएल २, एस ३, ओ १२. अणू मोजले तर १७, अगदी बरोबर. पण त्यात सल्फेट कुठे दिसतो? गंधक आणि ऑक्सिजन सुटे सुटे उभे. तेही चूकच. मग भीतीपोटी मी दिसेल त्याला कंस घालायला लागले, बिचाऱ्या क्लोराइडलासुद्धा. तसंही करू नका. गट एकापेक्षा जास्त अणूंचा हवा आणि तो एकापेक्षा जास्त वेळा यायला हवा, दोन्ही जमलं तरच कंस. सोडिअम सल्फेटमध्ये सल्फेट एकच, तिथे कंस नाही. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र हवाच, नाहीतर तो २ एकट्या हायड्रोजनला चिकटतो.

हे सगळ्यांचंच होतं. घाबरू नका, दोन-तीन दिवसांत हात बसतो.

तिरकस गुणाकाराबद्दल माझं मत जरा कडू आहे. "फुली मार, आकडे खाली उतरव, विचार करू नकोस," असं मला एका वरच्या वर्गातल्या ताईने शिकवलं होतं. उत्तरं आलीही. पण मॅग्नेशिअम ऑक्साइडला तिथे दोन-दोन येतात आणि ते १:१ का करायचं हे फुली सांगत नाही. त्यात 'रेणुसूत्र' हा शब्द! मिठाच्या स्फटिकात सुटा रेणू नसतोच. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, म्हणून ते लहानात लहान करायचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरीच वही वाया गेली नसती.

छेद देण्याचीही घाई नको. सोडिअम पेरॉक्साइडमध्ये दोन सोडिअम आणि दोन ऑक्सिजन, ते तसेच राहतात, कारण ते दोन ऑक्सिजन मिळून -२ प्रभाराचा एकच आयन आहे. छेद दिलात तर तो आयनच मोडेल. पुन्हा तेच, घरचा मामला.

लोखंडाचं फेरस की फेरिक ते नावातच असतं, +२ आणि +३. नाव पूर्ण वाचा, बस.

सरावाला अमोनिअम फॉस्फेट घ्या. कंस शेवटीच येतो असं मला कित्येक दिवस वाटायचं, इथे तो पुढे येतो. लिहून झालं की हायड्रोजन मोजा. १२ भरले तर कंस जागेवर आहे.