'कडक' म्हणजे जहाजाची मागची बाजू? इंग्रजी कोड्यातला श्लेष असा सोडवा

आमच्याकडे इंग्रजी पेपर साडेसहाला पडतो. पुढचा अर्धा तास कोड्याचं पान माझं, बाकीचा पेपर घरच्यांनी वाटून घ्यावा. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि व्यसन लागलं ते इंग्रजी क्रिप्टिक कोड्याचं, म्हणजे मुद्दाम फसवे क्लू देणाऱ्या शब्दकोड्याचं! परवा शेजारची कॉलेजकन्या पेपर घेऊन आली. एक क्लू अडला होता: 'स्ट्रिक्ट एंड ऑफ शिप (५)'. कंसातला आकडा म्हणजे उत्तराच्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं. तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी क्लूची लांबी बघा. तीन-चार शब्दांचा आखूड क्लू आहे आणि त्यात 'ब्रोकन', 'कन्फ्यूज्ड', 'ड्रंक' असलं, म्हणजे अक्षरं ढवळा असं सुचवणारं, काही नाही? मग डबल डेफिनिशनचा संशय घ्यायचा. आपला श्लेषच तो. 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?' हे मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं! मित्र म्हणजे दोस्त, मित्र म्हणजे सूर्य. तिथे शब्द समोर असतो, अर्थ आपण काढायचे. इथे दोन्ही अर्थ समोर आणि शब्द गायब.

आता वाक्य वाचायचं सोडा. त्यातून उभं राहणारं चित्र ही शुद्ध फसवणूक असते. पेन्सिल घ्या आणि क्लूचे दोन तुकडे पाडणारी उभी रेघ मारा. पोरीने रेघ बरोबर 'स्ट्रिक्ट'नंतर मारली होती, पण 'एंड ऑफ शिप' म्हणजे शिपचं शेवटचं अक्षर, पी, असं धरून बसली होती. वाईट नाही हं, क्रिप्टिकमध्ये असं खरंच असतं. पण पाचांतलं एक अक्षर मिळालं, उरलेली चार कुठून आणणार? क्लूत दुसरा शब्दच शिल्लक नाही. म्हणजे 'एंड ऑफ शिप' सरळ अर्थानेच घ्यायचं: जहाजाची मागची बाजू.

समासात दोन रकाने करा. डावीकडे 'कडक'साठी पाच अक्षरी शब्द: हार्श, रिजिड, टफ, स्टर्न. उजवीकडे जहाजाचा मागचा भाग: रिअर आणि पूप चार-चार अक्षरी, बाद. पाचाचा एकच, स्टर्न. दोन्ही रकान्यांत आला, झालं काम. आडव्या शब्दातून दुसरं अक्षर टी आलेलंच होतं, तेही जुळलं. मी पूर्वी अशाच एका जागी पेनाने 'हार्श' ठोकून दिलं होतं आणि अख्खा कोपरा नासवला होता. तेव्हापासून घरात कोड्याजवळ पेन ठेवत नाही.

एक खूण लक्षात ठेवा: दोन तुकड्यांची व्याकरणातली जात वेगळी असू शकते. इथे एक विशेषण, एक नाम. लिहिणारा मुद्दाम तसं करतो. आणि चांगल्या क्लूत दोन्ही अर्थ शक्यतो वेगवेगळ्या मुळांतून आलेले असतात. कडक या अर्थाचा स्टर्न जुन्या इंग्रजीतल्या 'स्टिर्न'पासून आला. जहाजाचा स्टर्न बहुधा जुन्या नॉर्समधल्या 'स्त्योर्न'चा, म्हणजे सुकाणू चालवणं. इंग्रजी 'स्टीअर' त्याच घराण्यातला. सुकाणू मागे असतं, म्हणून मागच्या भागाला ते नाव. जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात तेही यामुळेच, कारण जुन्या जहाजांवर दिशा देणारं वल्हं उजवीकडे असायचं. एकाच स्पेलिंगचे हे दोन परके.

हीच पाच अक्षरं ढवळली तर 'रेंट्स' होतात, 'टर्न्स'ही होतात, म्हणजे आपले सुरय पक्षी. तेव्हा क्लूत भाडं किंवा पक्षी दिसले तरी स्टर्न आठवा.

बाकी कडकपणाचं म्हणाल तर या खेळाच्या रक्तातच तो आहे. क्रॉसवर्ड १९१३ साली अमेरिकेत आर्थर विन यांनी सुरू केलं, पण त्यातला हा छळ ब्रिटिशांचा. 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी देणारे एडवर्ड पॉइस मॅथर्स टोपणनाव लावायचे टॉर्केमाडा, स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या कुप्रसिद्ध प्रमुखाचं!

पोरीला जाताना एक गृहपाठ दिला, तुम्हीही करून बघा: 'लेफ्ट वाइन (४)'. शब्द जहाजावरचाच आहे. रेघ कुठे मारायची ते आता सांगत नाही.