हातात टॉवेल घेऊन बेसबॉलचं पिचिंग कसं शिकावं: टॉम हाउस यांची पद्धत

8 एप्रिल 1974 रोजी अटलांटात बेसबॉलपटू हँक एरनने 715वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तो चेंडू बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागेत) झेलला टॉम हाउस या डावखुऱ्या पिचरने, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने. हाउस यांच्याकडे वेग फारसा नव्हता, तरी 1971 ते 1978 ते मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग, खेळले. पुढे ते टेक्सस रेंजर्स संघाचे पिचिंग कोच झाले, आणि पिचर नोलन रायनने चाळिशी उलटल्यावर, 1990 आणि 1991 साली, शेवटचे दोन नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न दिलेले सामने) टाकले ते त्यांच्याच हाताखाली. 2008 मध्ये भारतातून गेलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंनाही हाउस यांनीच तयार केलं. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने दोघांना करारबद्ध केलं.

टॉवेल घेऊन करायचा सराव ही त्यांच्या शिकवणीतली प्रसिद्ध गोष्ट. गच्चीवर, अंगणात, कुठेही जमतो. हातात चेंडू असला की सगळं लक्ष तो कुठे गेला याकडे असतं आणि माणूस खांद्याने रेटायला लागतो. पिचरचा जोर मात्र पायातून, कमरेतून वर येतो. हात सगळ्यात शेवटी.

लागेल एवढंच: हातरुमालापेक्षा थोडा मोठा नॅपकिन, खडू आणि ग्लोव्ह धरायला एक जोडीदार. ग्लोव्ह नसेल तर चप्पलही चालेल.

खडूने रेघ ओढा आणि मागचा पाय तिला लावून आडवे उभे राहा. उजव्या हाताने फेकत असाल तर डावा खांदा जोडीदाराकडे. आता पिच टाकल्यासारखा पाय टाका आणि पुढचं पाऊल पडेल तिथे खूण करा. त्या खुणेपासून टाचेला अंगठा लावत स्वतःची पाच पावलं मोजा. तिथे जोडीदाराने ग्लोव्ह तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा.

नॅपकिनचं एक टोक तर्जनी, मधलं बोट आणि अंगठ्यात पकडा, बाकीचा लोंबू द्या. गुडघा उचला आणि पाय खाली येण्याआधीच कंबर पुढे सरकू द्या. पुढचा पाय टेकेपर्यंत छाती आडवीच राहिली पाहिजे. आधी कंबर वळते, मग खांदे, आणि या दोन्हींमधल्या अंतरातूनच वेग निर्माण होतो. इथे घाई करू नका. फक्त हा टप्पा सावकाश, पुन्हा पुन्हा करावा असं मला मनापासून वाटतं.

ग्लोव्हच्या हाताचं, म्हणजे न फेकणाऱ्या हाताचं (पिचर ग्लोव्ह त्यात घालतो), काय करायचं? बरेच जण तो झटक्यात मागे, बरगडीकडे ओढतात. त्याने डोकं बाजूला कलतं आणि दिशा जाते. हाउस यांची शिकवण वेगळी आहे: हा हात पुढच्या पावलाच्या वर स्थिर ठेवा आणि छाती त्याच्याकडे न्या. शेवटी नॅपकिन जोडीदाराच्या ग्लोव्हवर फटकन बसला पाहिजे.

बसत नसेल तर कमरेतून वाकून तिथवर पोचायचा मोह होतो. काही कोचना हा सराव आवडत नाही तो याच कारणासाठी, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. तेव्हा वाकू नका, पाऊल लांब टाका. जोडीदाराने डोळा ठेवायचा तो तुमच्या डोक्यावर.

नॅपकिनला चेंडूचं वजन नसतं, बोटांतून चेंडू सुटण्याची जाणीवही येत नाही. म्हणून हालचाल बसली की चेंडू घ्या, आधी जवळून. पिचर ज्या पट्टीला पाय लावून फेकतो तिच्यापासून होम प्लेटचं (फलंदाजाजवळच्या पाटीचं) 60 फूट 6 इंच अंतर मोठ्यांसाठी आहे.

मुलांच्या बाबतीत पिचेस मोजणं सोडू नका. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत एका दिवसाची मर्यादा 9-10 वर्षांना 75, 11-12 ला 85 आणि 13-14 ला 95 पिचेस आहे; यापैकी कुणीही 66 किंवा जास्त टाकल्या तर पुढचे चार दिवस विश्रांती. कोपर किंवा खांदा दुखत असेल तर त्या दिवशी नॅपकिनचा सरावसुद्धा नको.