नातवंडांना परदेशी नेताना लागणारी कागदपत्रे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आज्जी-आजोबांसाठी

मूल आई-बापाशिवाय प्रवासाला निघाले की सीमेवरचा अधिकारी दोन गोष्टी बघतो: हे मूल तुमचे कोण, आणि त्याच्या आई-बापाला हा प्रवास ठाऊक आहे का. नुसत्या पासपोर्टातून याचे पुरते उत्तर मिळत नाही, कारण मुलाच्या पासपोर्टवर आई-वडिलांची नावे असतात, आजोबांचे नसते. नाते कागदावर जोडूनच न्यावे लागते. आपल्याकडे कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून नावे फिरत असल्याने ते नेमके स्पेलिंगपाशी तुटते.

मुलाच्या मुलांचे काम तसे सोपे. नातवाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव असते आणि वडिलांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर त्यांच्या आई-वडिलांचे, म्हणजे तुमचे. या दोन्हींच्या प्रती आणि तुमचा पासपोर्ट एवढ्याने नाते सिद्ध होते.

मुलीच्या मुलांना नेताना मात्र जास्त तयारी करा. लग्नानंतर तिचे आडनाव बदललेले असते, आणि आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात पहिले नावही बदलतात. मग दाखल्यावरची आई ‘स्नेहा’ आणि तुमच्या रेशनकार्डावरची मुलगी ‘शोभा’ एकच आहे हे परक्या माणसाला कसे कळणार? तिचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवेच. त्यावरही फक्त नवे नाव असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र जोडा.

पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे जन्माची नोंद गडहिंग्लज किंवा चंदगडला आणि घर खानापूरला असे सर्रास असते. दाखला जिथे जन्म झाला तिथूनच मिळतो, राहत्या गावातून नाही. दाखल्यावर बाळाचे नाव आहे ना, ते आधी बघा. नोंद करताना नाव ठरलेले नसते आणि ती जागा तशीच कोरी राहते. नाव पहिल्या 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मूल 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले असेल तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. दाखल्यावर इंग्रजी मजकूर नसेल तर इंग्रजी असलेली नवी प्रत काढून घ्या. जुन्या कागदांवर ‘बेल्गाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असेल तर घाबरू नका. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बदलले, ही चूक नव्हे. व्हिसाच्या अर्जात जन्मगाव पासपोर्टवर आहे तसेच लिहा.

मुलाच्या पासपोर्टच्या अर्जावर आजोबांची सही चालत नाही. ‘अ‍ॅनेक्श्चर डी’ या जोडपत्रावर आई आणि वडील दोघांनी सह्या करायच्या असतात. एकाची संमती मिळणे शक्य नसेल तर ‘अ‍ॅनेक्श्चर सी’. पालक परदेशात असतील तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र मागवा आणि त्याला लागणारे आठवडे हिशोबात धरा. साध्या अर्जाची फी 1000 रुपये आहे. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा, 4.5 × 3.5 सेंटिमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो. 15 वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि मोठ्यांच्या दहा वर्षांच्या हिशोबात त्याची मुदत विसरली जाते. बरेच देश सहा महिने मुदत शिल्लक मागतात.

संमतीपत्र

आई-वडिलांनी सही करून द्यायच्या या पत्रावर कंजुषी करू नका. भारतातून बाहेर पडताना ते प्रत्येक वेळी मागतात असे नाही, पण समोरच्या देशाने मागितले आणि नसले तर तिथे उभ्या उभ्या काही करता येत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेनसारख्या व्हिसाच्या अर्जालाही ते जोडावे लागते. पत्र इंग्रजीत लिहून नोटरी करा. त्यात मुलाचे पासपोर्टवरचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक, तुम्हा दोघांची नावे, पासपोर्ट क्रमांक आणि मुलाशी नाते, जाण्या-येण्याच्या तारखा, वाटेत विमान बदलायचे देश धरून सगळ्या देशांची नावे, तिथला पत्ता आणि दोन्ही पालकांचे फोन हवेत. आजारपणात उपचारांना संमती देण्याचा अधिकार तुम्हाला आहे, हे वाक्य विसरू नका. त्याशिवाय परक्या दवाखान्यात डॉक्टर आई-बापाच्या फोनची वाट बघत बसतात. प्रत्येक मुलाचे पत्र वेगळे करा, सोबत पालकांच्या पासपोर्टच्या प्रती जोडा आणि दोन मूळ प्रती ठेवा.

पालकांपैकी एक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला न्या. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबाबतचा कोर्टाचा आदेश आधी नीट वाचा. मुलाला देशाबाहेर नेण्यास त्यात मनाई असू शकते.

नेपाळची यात्रा

काशी, अयोध्या करून गोरखपूरमार्गे सोनौलीच्या सीमेवरून पशुपतिनाथला जाणारे बरेच असतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांना फोटो व वय दाखवणारा पुरावा पुरतो, त्यात आधारही चालते. अडतात ती 15 ते 18 वयाची मुले. पासपोर्ट नसेल तर त्यांना मुख्याध्यापकांचे ठरलेल्या नमुन्यातले ओळख प्रमाणपत्र लागते. मे महिन्यात शाळा बंद असते, म्हणून ते एप्रिलमध्येच घ्या, आणि ते इंग्रजीत मागा. कानडी रेशनकार्ड सोनौलीला कोणाला वाचता येणार नाही, त्याच्या भरवशावर जाऊ नका.

नातवाचा पासपोर्ट परदेशी असेल तर या सवलती त्याला नाहीत. त्याला नेपाळचा व्हिसा काढावा लागतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असेल तर पासपोर्टबरोबर तेही घ्या, कारण भारतात परत येताना दोन्ही दाखवावी लागतात.

विमानाने जाणार असाल तर सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, इमिग्रेशन होत नाही, ते बंगळूर, मुंबई किंवा गोव्याला होते. सांबऱ्याला चेक-इन केलेली बॅग जोड तिकिटावर थेट पुढे जाते, मधे हाती लागत नाही. म्हणून मूळ कागद आज्जीच्या हातातल्या पिशवीत ठेवा, दुसरा संच आजोबांकडे द्या, आणि सगळ्याचे फोटो मुलाच्या आई-वडिलांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.