डंडास जलसेतू कसा पाहावा

इंग्लंडमधील बाथ शहरातून कालव्याकाठच्या पायवाटेने सुमारे ८ किलोमीटर चालत गेले की डंडास जलसेतू, म्हणजे कालव्याचे पाणी वाहून नेणारा पूल, लागतो. केनेट आणि एव्हन कालवा येथे एव्हन नदी ओलांडतो. पुलावर उभे राहिल्यास पाण्याचा एक अरुंद पट्टा आणि दोन कठडे एवढेच दिसते, म्हणून आल्या आल्या छायाचित्रे काढत न बसता आधी पायऱ्यांनी खाली उतरावे आणि पूल खालून पाहावा. शक्य असल्यास पानगळ झाल्यावर जावे, कारण उन्हाळ्यात झाडी बरेचसे झाकून टाकते.

खाली उतरल्यावर प्रथम कमानी पाहाव्यात. मधली कमान अर्धवर्तुळाकार असून तिचा गाळा सुमारे २० मीटर आहे. दोन्ही बाजूंच्या कमानी लहान आणि लंबवर्तुळाकार आहेत, आणि त्यांपैकी एकीखालून आज रेल्वे जाते. भिंतीला जोडलेले डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीचे अर्धस्तंभ आणि वरची रुंद, पुढे आलेली कंगोरेदार पट्टी यांमुळे मालवाहतुकीसाठी बांधलेला हा पूल एखाद्या मंदिराच्या दर्शनी भागासारखा दिसतो. या कमानींवर कायम पाण्याचा भार असतो, आणि एका घनमीटर पाण्याचे वजनच एक टन भरते. मात्र नाव आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, त्यामुळे ती पुलावरून जाताना हा भार वाढत नाही. रस्त्याच्या पुलाला हे सुख नाही.

यानंतर दगडाच्या अगदी जवळ जावे. हा बाथचा चुनखडक आहे. नीट पाहिल्यास त्यात खसखशीसारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणासारखा तो कठीण नाही. खाणीतून नुकता काढलेला असताना तो सहज कापता येतो आणि पुढे हवेत हळूहळू घट्ट होतो, पण ओलावा मुरून गोठला की त्याचे पापुद्रे सुटतात. कालव्याचे मुख्य अभियंते जॉन रेनी यांना या दगडाच्या टिकाऊपणाविषयी शंका होती आणि त्यांचा कल विटांकडे होता, तर कालवा कंपनीला स्थानिक दगडच हवा होता. १७९७ मध्ये सुरू झालेला आणि १८०५ मध्ये वापरात आलेला हा पूल अखेर दगडाचाच झाला. पुढे कालवा रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेल्यावर झिजलेले चिरे काढून काही ठिकाणी विटा बसवण्यात आल्या. ही ठिगळे अवश्य शोधावीत. माझ्या मते पुलाचा सर्वांत प्रामाणिक इतिहास तेथेच वाचायला मिळतो, कारण रेनी यांची शंका खरी ठरल्याची साक्ष तीच देतात. सुटू लागलेले पापुद्रे मात्र नखाने उकरू नयेत.

आता वर यावे. पूर्वी अशा कालव्यांच्या तळाशी चिकणमाती पाण्यात तुडवून तिचा जाड थर देत, म्हणजे पाणी झिरपत नसे. डंडासची गळती तरीही इतकी वाढली की १९५४ मध्ये हा भाग बंद करावा लागला आणि पुढे कित्येक वर्षे पूल कोरडाच पडून होता. आज आपण पाहतो ते पाणी पॉलिथीन आणि काँक्रीटच्या अस्तरावर उभे आहे. ते घातल्यावर १९८४ मध्ये येथून पुन्हा नावा जाऊ लागल्या. पूल कोरडा असतानाही तो पाडण्याचा विचार सहज करता आला नसता, कारण १९५१ मध्येच त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला होता. कालव्याच्या एखाद्या बांधकामाला तो प्रथमच मिळत होता. पश्चिमेच्या धक्क्यावरील माल उचलणारी जुनी लोखंडी यारीही पाहावी. सॉमरसेट कोळसा कालवा येथेच येऊन मिळत असे.

पायांत बळ शिल्लक असेल तर त्याच पायवाटेने पुढे अ‍ॅव्हनक्लिफपर्यंत जावे. तेथील जलसेतूही रेनी यांचाच, त्याच काळातला आणि त्याच जातीच्या दगडाचा आहे, परंतु त्याची मधली लंबवर्तुळाकार कमान खचलेली आहे. बाजूला उभे राहून कठड्याच्या रेषेवर नजर धरली की मध्यभागी आलेला बाक साध्या डोळ्यांनी दिसतो.